नेमणूक आजीव, वयोमर्यादा सत्तर

शिकागो विद्यापीठाचे रेगेन्स्टाइन ग्रंथालय १९७० साली उघडले. ज्या जागेवर ते बांधले तिथे पूर्वी विद्यापीठाचे खेळाचे मैदान होते आणि त्या मैदानाला ॲमॉस अलोन्झो स्टॅग या क्रीडाशिक्षकाचे नाव होते. स्टॅगची पत्रे, डावांच्या आकृत्या, खर्चाचे हिशेब, वर्तमानपत्रांची कात्रणे असे शेकडो खोक्यांत भरलेले दप्तर आज त्याच ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात ठेवलेले आहे.

स्टॅगचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, मृत्यू १७ मार्च १९६५ चा. एकशे दोन वर्षांच्या या आयुष्यातली सत्तर वर्षे खेळ शिकवण्यात गेली. अमेरिकन फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर ३१४ विजय धरले जातात. हा उच्चांक मोडायला १९८१ साल उजाडावे लागले; तो अलाबामाच्या पॉल ब्रायंटने मोडला. हा फुटबॉल आपल्याकडच्यासारखा नाही. लांबट चेंडू हातात धरून, धडका देत-घेत प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसायचे, असा हा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो अमेरिकेतल्या महाविद्यालयांत वेडासारखा पसरला होता.

क्रीडापानांना स्टॅग विजयांच्या आकड्यामुळे आठवतो. विद्यापीठांच्या इतिहासात मात्र त्याची नोंद वेगळ्या कारणाने होते. प्राध्यापकाचे पद आणि आजीव नेमणूक मिळालेला पहिला प्रशिक्षक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. खेळ शिकवणाऱ्याला प्राध्यापकांच्या पंगतीत बसवले की खेळ शिक्षणाच्या ताब्यात राहतो, हा त्या नेमणुकीमागचा विश्वास होता. तो कितपत खरा ठरला, याचा पुरावा स्टॅगच्या चाळीस वर्षांच्या कागदपत्रांत पानोपानी सापडतो.

हा पुरावा तीन प्रकारचा आहे. पहिला, त्या त्या वेळी लिहिलेली पत्रे. दुसरा, विद्यापीठाचे आणि आंतरविद्यापीठीय मंडळांचे ठराव. तिसरा, १९२७ मध्ये वेस्ली विनान्स स्टाउट या लेखकाच्या मदतीने प्रसिद्ध झालेले स्टॅगचे आत्मकथन. तिन्हींचे वजन सारखे नाही. आत्मकथन रसाळ आहे, पण ते पासष्टीला टेकलेल्या, कीर्तिमान माणसाने मागे वळून सांगितलेले आहे. पत्रे कोरडी असली तरी ती लिहिताना पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. म्हणून दोहोंत फरक पडेल तिथे पत्राला आधी विचारावे लागते.

न्याहारीची गोष्ट आणि नोव्हेंबरचे पत्र

स्टॅग न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा, चांभारकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. येल विद्यापीठात गेला तो पाद्री होण्यासाठी. तिथे तो बेसबॉलचा नामांकित गोलंदाज झाला, आणि १८८९ मध्ये देशातल्या उत्तम फुटबॉल खेळाडूंची पहिली यादी निघाली तिच्यात त्याचे नाव आले. व्यावसायिक बेसबॉल संघांची बोलावणी त्याने नाकारली. धर्मोपदेशकाला लागणारे वक्तृत्व आपल्याकडे नाही असे वाटल्याने त्याने तीही वाट सोडली आणि १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत दाखल झाला. शरीर कमावणे हीसुद्धा धर्मसेवाच, असे मानणाऱ्या लोकांची ती शाळा. ल्यूथर ग्युलिक तिथे शिकवत होता, आणि स्टॅगने उभ्या केलेल्या फुटबॉल संघात जेम्स नेस्मिथ नावाचा एक कॅनेडियन तरुण खेळत होता.

याच सुमारास विल्यम रेनी हार्परने स्टॅगला न्यूयॉर्कच्या मरे हिल हॉटेलात न्याहारीला बोलावले. हार्पर येलमध्ये हिब्रू शिकवायचा. स्टॅग त्याच्या बायबलच्या वर्गाला बसलेला होता. जॉन डी. रॉकफेलरच्या पैशातून शिकागोत नवे विद्यापीठ निघत होते आणि त्याच्या अध्यक्षपदासाठी हार्परची निवड झाली होती. आत्मकथनात ही न्याहारी मोठ्या खुमासदार रीतीने येते. हार्परने क्रीडा विभागाचे प्रमुखपद आणि वर्षाला १,५०० डॉलर देऊ केले. कल्पनाच इतकी नवी की स्टॅग विचारात पडून गप्प राहिला. गडी घासाघीस करतोय असे हार्परला वाटले आणि तो २,००० वर गेला. स्टॅग तरीही गप्प. मग २,५०० डॉलर, सहयोगी प्राध्यापकपद आणि आजीव नेमणूक, असा शेवटचा आकडा आला.

गोष्ट सदतीस वर्षांनी सांगितलेली आहे आणि तिचा घाट फार गोळीबंद आहे. त्यामुळे तीन पायऱ्यांचा जिना जसाच्या तसा घेण्यापेक्षा शेवटची पायरी तेवढी खात्रीची मानावी. तिला स्टॅगच्या पुढच्या नेमणुकीचा आणि पदाचा आधार आहे. पत्र वेगळ्याच सुरात आहे. २५ नोव्हेंबर १८९० रोजी स्टॅगने हार्परला होकार कळवला त्यात पगाराची चर्चा नाही. पुष्कळ विचार आणि प्रार्थना केल्यावर आपले आयुष्य प्रभूच्या सेवेसाठी याच जागी सर्वांत उपयोगी पडेल अशी खात्री झाली, असे तो लिहितो. या माणसाच्या लेखी मैदान म्हणजे व्यासपीठाला पर्याय होते, हे या एका कागदावरून कळते.

दुसरा कागद जानेवारी १८९१ चा, घरच्यांना लिहिलेला. हार्परला काय हवे आहे ते स्टॅग त्यात सांगतो: देशभर पाठवता येतील, सगळ्या महाविद्यालयांना चीत करतील असे संघ तयार करायचे, आणि त्यांच्या प्रवासाला आगगाडीचा आलिशान डबा द्यायचा. हे हार्परचे बोलणे स्टॅगच्या कानातून आणि लेखणीतून आलेले आहे, तरी ते ऐकल्यानंतर फार दिवस न जाऊ देता लिहिलेले आहे, म्हणून त्याला किंमत आहे. दोन महिन्यांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन पत्रांत पुढच्या चाळीस वर्षांचा ताण आधीच उतरला आहे. प्रशिक्षकाला सेवा करायची आहे, अध्यक्षाला जाहिरात हवी आहे, आणि दोघांनाही त्यात विसंगती दिसत नाही.

या नेमणुकीचे नावीन्य कळायला तेव्हाची रीत पाहावी लागते. येल-हार्वर्डमध्ये खेळ विद्यार्थीच चालवत. कर्णधार सर्वेसर्वा; जुने खेळाडू हंगामापुरते येऊन धडे देत. अमेरिकन फुटबॉलचा जनक म्हणवला गेलेला वॉल्टर कॅम्प न्यू हेवनच्या घड्याळ कंपनीत नोकरी करून उरलेल्या वेळात येलचा संघ घडवायचा. खेळासाठी विद्यापीठाने खाते उघडावे, त्याला प्रमुख नेमावा, त्या प्रमुखाला प्राध्यापकाचा दर्जा द्यावा, हे तोवर कुणी केले नव्हते.

शिकागोला जाण्याआधीचा आणखी एक कागद गमतीचा आहे. डिसेंबर १८९१ मध्ये नेस्मिथने स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचा शोध लावला, आणि ११ मार्च १८९२ रोजी शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनी तो ५–१ असा जिंकला. शिक्षकांचा एकुलता एक गुण स्टॅगचा. स्थानिक वर्तमानपत्राने त्याच्या चपळाईचे कौतुक केले आणि फुटबॉलची सवय न सुटल्याने तो प्रतिस्पर्ध्यांना ढकलत होता, अशी तक्रारही छापली.

विद्यापीठात वेगळे संस्थान

शिकागो विद्यापीठाचे वर्ग १ ऑक्टोबर १८९२ रोजी सुरू झाले, आणि त्याच महिन्यात स्टॅगचा संघ मैदानात होता. पुरेसे खेळाडू मिळेनात म्हणून पहिल्या हंगामात प्रशिक्षक स्वतःच संघातून खेळला. प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या संघात खेळणे तेव्हाच्या नियमांत बसत होते, यावरून नियम किती सैल होते ते दिसते. पुढच्या वर्षी स्टॅगने येलचा जुना सोबती हेन्री विल्यम्स याच्यासह फुटबॉलवर एक शास्त्रीय पुस्तक काढले. एकेका डावात कोणी कुठे धावायचे ते त्यात आकृत्यांसह मांडले आहे. हा विल्यम्स पुढे मिनेसोटा विद्यापीठाचा प्रशिक्षक होऊन वर्षानुवर्षे स्टॅगचा प्रतिस्पर्धी राहिला.

हार्परच्या आलिशान डब्याचे स्वप्न १८९४ च्या नाताळात पुरे झाले. संघ आगगाडीने कॅलिफोर्नियाला गेला. २५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने स्टॅनफर्डला २४–४ असे हरवले आणि चार दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये त्याच संघाकडून मार खाल्ला. विद्यापीठ जेमतेम दोन वर्षांचे असताना त्याचे नाव पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या वर्तमानपत्रांत झळकले. हार्परला हेच हवे होते.

स्टॅगचा विभाग शारीरिक शिक्षणाचाही होता. सर्व विद्यार्थ्यांना व्यायामाचे तास सक्तीचे होते. १८९८ पासून मुलींचा विभाग गर्ट्रूड डडली सांभाळू लागली, १९०४ मध्ये बार्टलेट व्यायामशाळा उघडली. अॅथलेटिक्स आणि बेसबॉलचेही धडे स्टॅग स्वतः देत होता. १८९४ मध्ये त्याने स्टेला रॉबर्ट्सन या विद्यार्थिनीशी लग्न केले. पुढे तीही प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून त्यांचे डाव टिपून आणू लागली. मैदानासाठी जमीन मिळाली ती दुकानांचा धनी मार्शल फील्ड याच्याकडून, म्हणून आधी मैदानाला त्याचे नाव होते. १९१३ च्या सुमारास ते स्टॅग फील्ड झाले.

प्राध्यापकपदाचा दुसरा अर्थ इथून उलगडू लागतो. इतर प्राध्यापक आपापल्या शाखेच्या अधिष्ठात्याला आणि सहकाऱ्यांच्या मंडळाला बांधलेले होते. स्टॅग थेट अध्यक्षाशी बोलायचा. तिकिटांचा गल्ला विभागाच्या स्वतंत्र खात्यात जमा होई आणि त्यातला पैसा कुठे खर्चायचा हे मुख्यतः तोच ठरवी. फुटबॉलच्या कमाईवर धावण्याच्या, पोहण्याच्या, जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा चालत. पद प्राध्यापकाचे, पण खजिना स्वतःचा, असे ते संस्थान होते. त्याच आवारात थॉर्स्टिन वेब्लेन अर्थशास्त्र शिकवत होता. निवांत वर्गावरच्या १८९९ च्या ग्रंथात त्याने मैदानी खेळांना शिकारी वृत्तीचा अवशेष ठरवले आहे. एकाच विद्यापीठाच्या पगारपत्रकावर हे दोघेही होते.

खेळाडू आणण्याची स्टॅगची तऱ्हाही या स्वातंत्र्यातूनच आली. १९०२ पासून तो शाळकरी मुलांच्या अॅथलेटिक्स स्पर्धा विद्यापीठात भरवू लागला. १९१७ ते १९३० या काळात देशभरातल्या शाळांची बास्केटबॉल स्पर्धाही तिथे भरे. मुले यायची, विद्यापीठातल्या विद्यार्थी मंडळांच्या घरांत उतरायची, मैदान पाहायची. कुणाच्या हाती पैसा ठेवावा लागत नव्हता. स्टॅग मैदानावर शिवी देत नसे. फार चिडला तर खेळाडूला गाढव म्हणे, त्याहून चिडला तर दुप्पट गाढव. नीतीच्या बाबतीत तो स्वतःला फार कडक समजे आणि या स्पर्धांत त्याला काही वावगे वाटत नव्हते. पण भावी खेळाडू विद्यापीठाकडे वळवण्याचे एवढे सोयीचे साधन दुसऱ्या कुणाजवळ नव्हते, हेही तितकेच खरे.

१९०५: विजय आणि चौकशी

आंतरविद्यापीठीय नियमांचा इतिहासही शिकागोतच घडला. पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने जानेवारी १८९५ मध्ये पामर हाउस हॉटेलात अध्यक्षांची बैठक झाली. वर्षभराने, ८ फेब्रुवारी १८९६ रोजी, सात विद्यापीठांचे प्राध्यापक प्रतिनिधी जमले आणि आज ‘बिग टेन’ म्हणून ओळखला जाणारा संघ जन्मला. खेळावर प्राध्यापकांचे नियंत्रण हे त्याचे घोषित तत्त्व होते. स्टॅग प्राध्यापक असल्याने या तत्त्वाचा तो चालताबोलता दाखला ठरला.

३० नोव्हेंबर १९०५ रोजी शिकागो आणि मिशिगन समोरासमोर आले. मिशिगन १९०१ पासून सलग ५६ सामन्यांत हरलेले नव्हते. शिकागोने सामना २–० असा जिंकला. दोन गुण मिळाले ते मिशिगनच्या खेळाडूला त्याच्याच हद्दीत पाडल्यामुळे. शिकागोच्या संघाचा तारा होता वॉल्टर एकरसॉल, उंचीने लहान, पायाने अचूक, डोक्याने थंड. पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी हा सामना पाहिला. स्टॅगच्या कारकिर्दीचा हा कळस मानला जातो.

त्याच आठवड्यांतली कागदपत्रे शेजारी ठेवली की चित्र पालटते. ‘कोलियर्स’ साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डन या तरुण पत्रकाराची लेखमाला सुरू होती. पश्चिमेकडची विद्यापीठे विजय कसे विकत घेतात, हा तिचा विषय, आणि पहिलाच लेख शिकागोवर. कच्च्या तयारीच्या मुलांना प्रवेश, सोप्या नोकऱ्या, अभ्यासात सवलती असे आरोप त्यात होते, आणि त्यात एकरसॉलचेही नाव होते. जॉर्डन विस्कॉन्सिनचा विद्यार्थी होता, म्हणून त्याचे शिकागोवरचे लिखाण प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांतून आले, असे म्हणता येईल. पण पुढे त्याने विस्कॉन्सिनलाही सोडले नाही, आणि एकरसॉल पदवी न घेताच विद्यापीठाबाहेर पडला ही गोष्ट त्याच्या लेखाला बळ देते. (एकरसॉल पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’चा नावाजलेला क्रीडापत्रकार झाला.)

त्याच हंगामात देशभर अठरा-एकोणीस तरुण फुटबॉल खेळताना मेले, असा हिशेब वर्तमानपत्रांनी मांडला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून दम भरला होता. १० जानेवारी १९०६ रोजी हार्पर कर्करोगाने गेला. त्याच महिन्यात मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजेल यांच्या पुढाकाराने पश्चिमेकडच्या विद्यापीठांचे प्राध्यापक शिकागोत जमले.

या परिषदेचे ठराव मुळातून वाचण्यासारखे आहेत. हंगामात पाचच सामने. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला खेळता येणार नाही. एका खेळाडूला तीनच वर्षे. खेळाडूंची वेगळी खाणावळ बंद. विद्यार्थ्यांना तिकीट पन्नास सेंटच्या वर नाही. आणि प्रशिक्षक हा विश्वस्तांनी नेमलेला, माफक पगाराचा, विद्यापीठाचा नियमित शिक्षक असला पाहिजे. हार्परने १८९० मध्ये केलेली अपवादात्मक नेमणूक आता सगळ्यांसाठी नियम झाली.

फटका कुणाला बसला हे पाहण्यासारखे आहे. मिशिगनचा फील्डिंग योस्ट हंगामापुरता येऊन भरपूर पैसे घेणारा प्रशिक्षक होता. त्याची पद्धतच नियमबाह्य ठरली. मिशिगन १९०७ नंतर ‘बिग टेन’मधून बाहेर पडले ते १९१७ मध्ये परतले. स्टॅगला मात्र प्राध्यापकपणाच्या कलमाने ओरखडासुद्धा उठला नाही. १९०४ पासून तो फुटबॉलच्या राष्ट्रीय नियम समितीवर होता. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याला कायदेशीर मान्यता देणाऱ्या सुधारणा झाल्या त्यातही तो होता. सुधारणेचे वारे आले ते त्याच्याच शिडात भरले. प्रशिक्षक प्राध्यापक आहे की नाही, एवढेच परिषदेने विचारले. प्राध्यापक झालेला प्रशिक्षक कुणाला जाब देतो, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

हचिन्स आणि सत्तरावा वाढदिवस

पुढची वीस वर्षे स्टॅगचा पसारा वाढत गेला. ‘बिग टेन’चे विजेतेपद १९०७, १९०८, १९१३ आणि १९२२ मध्ये शिकागोकडे आले. बेसबॉल संघ १९१० मध्ये जपानला जाऊन वासेदा विद्यापीठाशी खेळला. १९२२ चा प्रिन्स्टनविरुद्धचा सामना दूरध्वनीच्या तारांवरून न्यूयॉर्कपर्यंत नेऊन रेडिओवर ऐकवला गेला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टॅग अमेरिकी अॅथलीटांच्या प्रशिक्षकांत होता. त्याच ऑलिंपिकला भारताचा संघ घेऊन हॅरी क्रो बक गेला होता. १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएची व्यायामशिक्षण शाळा काढणारा बकही स्प्रिंगफील्डचाच. महाविद्यालयात व्यायाम शिकवणारा प्रशिक्षित, पूर्णवेळ शिक्षक असावा, हा विचार स्प्रिंगफील्डहून शिकागोला गेला तसा भारतातही आला.

१९२४ च्या शरदात इलिनॉयच्या रेड ग्रेंजसारख्या झंझावाताला शिकागोने २१–२१ असे रोखले आणि त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले. ते शेवटचे. शेजारची सरकारी विद्यापीठे अवाढव्य झाली होती, त्यांची मैदाने साठ-सत्तर हजारांची. शिकागोत पदवीपूर्व विद्यार्थी कमी, प्रवेशाच्या अटी कडक. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन खेळांवरचा गाजलेला अहवाल काढला. खेळाडूंना छुपे पैसे देण्याचा पुरावा जिथे आढळला नाही अशा मोजक्या संस्थांच्या यादीत शिकागोचे नाव आहे. म्हणजे १९०५ मध्ये ज्याच्यावर बोट रोखले गेले, तो विभाग चोवीस वर्षांनी स्वच्छ ठरला, आणि याच काळात तो हरू लागला. या दोन नोंदी एकत्र वाचाव्यात.

त्याच १९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हा तीस वर्षांचा कायदेपंडित अध्यक्ष झाला. त्याने पदवीचा सगळा ढाचा नव्याने बांधला. खेळ त्याला शिक्षणाच्या आड येणारी करमणूक वाटत असे. १९३८ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकात त्याने तिकिटांच्या गल्ल्यावर आणि त्यामागच्या खोट्या प्रतिष्ठेवर जाहीर टीका केली. स्टॅग ऑगस्ट १९३२ मध्ये सत्तर वर्षांचा होणार होता. प्राध्यापकांना त्या वयानंतर राहता येत नव्हते. पूर्वीच्या अध्यक्षांच्या काळात स्टॅगसाठी एखादी वाट निघाली असती. हचिन्सने अपवाद करायला नकार दिला आणि आयोवा स्टेटच्या टी. नेल्सन मेटकाफला क्रीडा संचालक नेमले. स्टॅगला सल्लागाराच्या स्वरूपाचे काम देऊ केले गेले. त्याने ते घेतले नाही. त्याला मैदानावर उभे राहून शिकवायचे होते. १९३२ चा हंगाम त्याचा शिकागोतला शेवटचा.

वर्तमानपत्रांनी हे एका म्हाताऱ्या योद्ध्यावरच्या अन्यायाचे नाट्य म्हणून रंगवले. कागद मात्र सरळ आहेत. १८९० मध्ये स्टॅगने प्राध्यापकपद स्वीकारले तेव्हा त्याच्यासोबत येणारे संरक्षण घेतले. चाळीस वर्षे ते त्याला पुरले: हरला म्हणून कुणी काढले नाही, गल्ल्याचा हिशेब सहकाऱ्यांनी मागितला नाही, १९०६ च्या नियमांनी धक्का दिला नाही. शेवटी त्याच पदाचा एक नियम, निवृत्तीच्या वयाचा, त्याला लागू झाला. हचिन्सने स्टॅगला प्राध्यापकासारखे वागवले. त्याच्याआधी तसे कुणी केले नव्हते.

हा तिढा परका नाही. आपल्या महाविद्यालयांतल्या शारीरिक शिक्षण संचालकाला शिक्षक म्हणायचे की नाही, त्याच्या निवृत्तीचे वय शिक्षकाचे धरायचे की कर्मचाऱ्याचे, यावर भारतातही लोक न्यायालयापर्यंत गेले आहेत.

शिकागोनंतर

कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकने १९३३ मध्ये स्टॅगला बोलावले. तिथे तो चौदा हंगाम राहिला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याचा हा लहानसा संघ स्टॅग फील्डवर आला आणि शिकागोला ३२–० असे हरवून गेला. पुढच्या वर्षी शिकागोचा मिशिगनने ८५–० असा फडशा पाडला, आणि डिसेंबर १९३९ मध्ये विश्वस्तांनी आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद केला. रिकाम्या झालेल्या पश्चिमेकडच्या प्रेक्षकसज्ज्याखालच्या रॅकेटच्या कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मीच्या गटाने जगातली पहिली नियंत्रित अणुभंजन साखळी घडवली.

स्टॅगला याने काही फरक पडला नाही. १९४३ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला वर्षातला उत्तम प्रशिक्षक निवडले. १९४६ नंतर तो पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना विद्यापीठात मुलाच्या हाताखाली सहा हंगाम राबला. मग स्टॉक्टनला परतून तिथल्या महाविद्यालयात चेंडू लाथाडण्याचे धडे देत राहिला आणि १९६० मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, थांबला. १९५१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान दालनात त्याला खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी घेतले गेले, १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या दालनातही. ही शेवटची सत्तावीस वर्षे गौरवग्रंथांना फार आवडतात. आपल्या प्रश्नापुरते त्यांचे महत्त्व एवढेच की शिकागोसारखे संस्थान स्टॅगला पुन्हा कुठेही मिळाले नाही, आणि त्यावाचूनही त्याचे शिकवणे अडले नाही.

शिकागोत १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू झाला. आज तो अमेरिकन विद्यापीठांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळला जातो, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. त्या श्रेणीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला १९७३ पासून स्टॅगचेच नाव आहे. पहिल्या श्रेणीत हार्परचा दुसरा अर्धा विचार जिंकला: देशभर फिरणारे संघ, खच्चून भरलेली मैदाने, आणि कित्येक ठिकाणी विद्यापीठाच्या अध्यक्षापेक्षा जास्त पगार घेणारा प्रशिक्षक. प्राध्यापकपणाची अट तिथे केव्हाच गळून पडली.

स्टॅगला खेळाला पावित्र्य देणारा ऋषी म्हणावे की धंद्याची घडी बसवणारा कारभारी, यावर अभ्यासक अजून भांडतात. रॉबिन लेस्टर यांनी १९९५ च्या ग्रंथात शिकागोच्या फुटबॉलचा उदय आणि अस्त दप्तरांतून बारकाईने उभा केला, तेव्हापासून दुसऱ्या बाजूचे पारडे जड झाले आहे. माझ्या मते दोन्ही वर्णने एकाच माणसाची आहेत आणि दोन्हींना १८९०–९१ च्या त्या दोन पत्रांचा आधार आहे. हार्परने स्टॅगला प्राध्यापकाची प्रतिष्ठा दिली, आजीव सुरक्षितता दिली, स्वतंत्र तिजोरी दिली. प्राध्यापक ज्याच्याशी बांधलेला असतो ती सहकाऱ्यांपुढची जबाबदारी मात्र त्याने त्या कागदात घातली नाही. खेळाला शिक्षणाच्या ताब्यात ठेवायचे तर तेवढे एकच कलम पुरेसे झाले असते, आणि नेमके तेच कलम घालून घ्यायला हार्पर, स्टॅग किंवा १९०६ ची परिषद, कुणीही तयार नव्हते.